रँग्लरांच्या गावात एक खुरपे

आपल्याकडे केंब्रिज म्हटले की पाठोपाठ 'रँग्लर' हा शब्द येतो. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली इथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर झाले आणि दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले. मी इथे यायला निघालो तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट मला पुन्हा एकदा ऐकवली होती. याच गावात गेल्या वर्षी मी एका विषयात साफ नापास झालो. तो विषय गणित नव्हता. तो विषय होता खुरपे.

त्याचे असे झाले. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात 1990 पासून 'डिझाइन अँड टेक्नॉलॉजी' हा विषय आहे. माझ्या मुलीच्या वर्गाला त्यात एक प्रकल्प मिळाला: बागेत हाताने वापरायचे एखादे पारंपरिक अवजार निवडा, ते कोण आणि कसे वापरते ते पाहा, त्याचे आरेखन करा आणि स्वतःच्या हाताने बनवा. कोणी बी टोकायची लाकडी खुंटी घेतली, कोणी छोटा काटा. माझ्या मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी आमच्या शेडमधले खुरपे उचलले. माझी आई एकदा इकडे आली होती, तेव्हा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तिने ते आणले होते.

तिघींनी आधी कागदावर खुरपे काढले. पाते मुठीच्या रेषेत सरळ का नाही, वाकडे का, हा पहिला प्रश्न. एका मैत्रिणीने ते आमच्या भाडेपट्ट्याच्या वाफ्यात उभ्याने वाकून वापरून पाहिले आणि दोन मिनिटांत कंबर धरली. मुलीने तिला उकिडवे बसायला सांगितले. तेव्हा उलगडा झाला. बसून काम करताना मूठ जमिनीपासून चार बोटे वर राहते, बोटांची सालटी निघत नाहीत आणि पाते मात्र मातीला समांतर सरकते. इंग्रजी माळ्याचा 'डच हो' लांब दांड्याचा असतो, तो उभ्याने पुढे ढकलायचा. आपले खुरपे बसून, स्वतःकडे ओढत चालवायचे. त्याचा बाक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या खुरपणी करत आलेल्या बायकांच्या मनगटाचे मापच आहे.

पाते शाळेच्या कार्यशाळेत पोलादी पट्टीतून घडले. धारेला पाणी कसे द्यायचे हे सांगण्याची जबाबदारी मी आपणहून घेतली. इंजिनियरिंगमधली डॉक्टरेट आहे, लोखंड-कार्बनची आकृती अजून पाठ आहे; म्हटले, लालबुंद तापवा आणि पाण्यात बुडवा. मुलींनी तसेच केले. शनिवारी वाफ्यात पहिलाच घाव मातीतल्या गारगोटीवर बसला आणि पाते काचेसारखे 'टक्' करून तुटले.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी बनवलंय का काही?"

खरे उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. कॉलेजच्या पहिल्या वर्षी फिटिंगच्या तासाला लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायचे असत. मी ते कधीच केले नाही. आदल्या वर्षीच्या मुलाकडून तयार 'जॉब' घेतला, नवा नंबर ठोकला आणि गुण मिळवले. त्या वेळी त्यात काही गैर वाटले नव्हते. घासाघीस करणे हे आपले काम नव्हे, असे आम्ही कोणी न शिकवताच शिकलो होतो.

केंब्रिजलाही हे शिकून विसरायला वेळ लागला. 1875 साली जेम्स स्टुअर्ट इथे यंत्रशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. तो स्वतः 1866 सालचा तिसरा रँग्लर. पण स्कॉटलंडमधल्या गिरणीमालकाचा मुलगा, यंत्रांच्या खडखडाटात वाढलेला. त्याने फ्री स्कूल लेनमध्ये एका लाकडी शेडमध्ये कार्यशाळा थाटली आणि विद्यार्थ्यांना रंधा, कानस, लेथ हातात घ्यायला लावले. गंमत अशी, की हा परिसर म्हणजे विद्यापीठाची जुनी वनस्पतीबाग. ती बाग 1846 मध्ये ट्रंपिंग्टन रोडच्या कडेला हलली आणि रिकाम्या झालेल्या आवारात पुढे विज्ञानाच्या इमारती उठल्या.

स्टुअर्टची कार्यशाळा अनेकांच्या डोळ्यांत खुपत होती. विद्यापीठ हे बुद्धीचे ठिकाण, इथे लोहारकाम कशाला, असा सूर होता. कार्यशाळा बाहेरची कामे घेते, यावरूनही वाद झाला. यंत्रशास्त्रासाठी स्वतंत्र ट्रायपॉस असावी ही त्याची योजना विद्यापीठाने फेटाळली. शेवटी त्याने राजीनामा दिला, आणि पुढे सासऱ्यांच्या, म्हणजे नॉरिचच्या कोलमन मोहरीवाल्यांच्या, धंद्यात गेला. 1890 मध्ये आल्फ्रेड युइंग त्याच्या जागी आले. हवी असलेली ट्रायपॉस 1892 मध्ये मंजूर झाली आणि 1894 मध्ये तिची पहिली परीक्षा झाली. म्हणजे परांजपे इथे गणित शिकायला आले, तेव्हा हातकामाचा हा झगडा नुकताच निवळला होता.

आपल्याकडचा झगडा अधिक खोल. इथे प्रश्न वर्गाचा होता, आपल्याकडे त्यात जातही होती. लोहार-सुतारांचे ज्ञान बलुत्याच्या धान्यावर पोसले गेले, पण शाळेच्या फळ्यापर्यंत आले नाही. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, ती हस्तोद्योगातून शिक्षण देण्यासाठीच. 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातला हा डॉक्टरेट मिळवलेला माणूस शाळेत न रमलेल्या मुलांना वेल्डिंग, शेती, वीजजोडणी करता करता विज्ञान शिकवू लागला. आणि मुर्डीपासून जवळच, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंबे उतरवायच्या जुन्या झेल्यात सुधारणा करून 'नूतन झेला' बनवला. फळ देठासकट कापून अलगद जाळीत पडते, अंगावर चीक ओघळत नाही. रँग्लरांच्या तालुक्यातले विद्यापीठ झेल्याचा विचार करते, याचा मला हल्ली गणितातल्या पहिल्या क्रमांकाइतकाच अभिमान वाटतो.

असो. तुटलेल्या पात्याकडे वळतो. सातवीपर्यंत माझ्या बाकावर गावच्या लोहाराचा मुलगा बसत असे. त्याची गणिते माझ्याआधी सुटत. सातवीनंतर तो भात्यावर बसला, मी तालुक्याच्या शाळेत गेलो. आता हमरस्त्याला त्याचे वेल्डिंगचे दुकान आहे. तीस वर्षांनी मी त्याला फोन केला. तुकडे कॅमेऱ्यासमोर धरले.

तो हसला. "पाणी पाजलंस, पण मग परत शेकलंस का? नुसतं पाणी पाजलं की पातं माजतं. घासून चकचकीत कर, पाठीकडून हलकी ऊब दे. धारेवर गवती रंग येईल, मग तपकिरी. जांभळट व्हायला लागलं की थांब."

पुस्तकात याला टेंपरिंग म्हणतात. गवती रंग साधारण 230 अंश सेल्सियसला येतो, जांभळा 280च्या आसपास. हा तक्ता मी परीक्षेत लिहिला होता आणि पैकीच्या पैकी गुणही मिळवले होते.

दुसरे पाते मुलींनी शिक्षिकेच्या देखरेखीखाली त्याच्या सांगण्याप्रमाणे शेकले. गारगोटीवर आपटले तरी ते तुटले नाही, धार जराशी दुमडली इतकेच. कानशीने ती पुन्हा लावता आली.

प्रकल्पाच्या वहीत शेवटी एक रकाना होता: मूळ अवजार कोणी घडवले? मुलीने विचारले, "आजीचं खुरपं कोणी केलं होतं?" मी म्हटले, लोहारमामांनी, म्हणजे माझ्या त्या मित्राच्या वडिलांनी. "त्यांचं नाव काय?"

मला सांगता येईना. त्यांच्या भट्टीसमोर मी तासन्‌तास उभा राहिलो होतो. आमच्या घरचा विळा, कुदळ, खुरपे सगळे त्यांच्याच हातचे. पण आम्ही सगळे त्यांना लोहारमामाच म्हणत असू. मी पुन्हा फोन लावला आणि नाव विचारले. तो क्षणभर गप्प राहिला, मग त्याने वडिलांचे पूर्ण नाव सावकाश सांगितले. मुलीने ते दोनदा विचारून, देवनागरीत आणि इंग्रजीत, वहीत लिहून घेतले.