सूर्याच्या गाडीचा लांबचा प्रवास

आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, येऊन पाणचक्की न पाहता परतणारा माणूस विरळा. डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून काही मैल आणले, उंचावरून खाली सोडले, आणि त्यावर जाते फिरवले. बाबा शाह मुसाफिर यांच्या स्थानी येणाऱ्यांसाठी त्यावर पीठ दळले जाई. झरा म्हणजे काही गोदावरीचा लोंढा नव्हे. पण धार जपून आणली म्हणून काम भागले. उन्हावर मोटार चालवणाऱ्यांनाही अगदी हाच हिशेब करावा लागला.

उन्हापासून वीज करणारा सिलिकॉनचा घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली जगापुढे मांडला. पुढच्याच वर्षी शिकागोत सूर्यावर चालणारी एक मोटार दाखवण्यात आली. तिची लांबी अवघी सव्वा फूट! माणूस बसवून लांबचा पल्ला गाठायला आणखी सत्तावीस वर्षे लागली.

एवढा उशीर का? भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे एक किलोवॅट शक्तीचे ऊन पडते. आजची चांगली पॅनेलेसुद्धा त्यातला साधारण पाचवा हिस्साच विजेत उतरवतात. आपल्या विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या पंपाला पावणेचार किलोवॅट लागतात; मग मोटारीच्या टपावर जागा ती कितीशी?

हान्स थोल्स्ट्रप आणि लॅरी पर्किन्स या दोघांनी हे ओळखले. १९ डिसेंबर १९८२ रोजी ते ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थहून निघाले आणि ७ जानेवारी १९८३ रोजी पूर्वेच्या सिडनीस पोचले. अंतर सुमारे ४,००० किलोमीटर; वेग ताशी सरासरी तेवीस, म्हणजे दमदार सायकलस्वाराएवढा. गाडीचे नाव ‘क्वाएट अचीव्हर’, म्हणजे मुकाट्याने काम तडीस नेणारा. पुढे १९८७ साली थोल्स्ट्रप यांच्याच पुढाकाराने डार्विन ते अॅडलेड अशी सुमारे ३,००० किलोमीटरांची शर्यत झाली. तीत ‘सनरेसर’ गाडी ताशी सरासरी सदुसष्ट किलोमीटरांनी जिंकली. ऊन तेच होते. घट सुधारले होते हे खरे. पण गाडी हलकी केली, वारा कापील असा आकार दिला, म्हणून थोडी वीज पुष्कळ पुरली.

आपल्याकडे मुंबईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक चेतन सिंह सोळंकी २०२० च्या नोव्हेंबरात भोपाळहून यात्रेस निघाले. २०३० पर्यंत घरी न राहण्याचा संकल्प करून. त्यांच्या बसमधले दिवे, पंखा, स्वयंपाक हे सारे टपावरच्या सौर विजेवर. मात्र त्यांची शिकवण काय? विजेचा वापर आधी टाळा, मग कमी करा, आणि उरेल तेवढीच गरज सूर्याकडून भागवा.

आज मराठवाड्यात शेतोशेती सौर पंप बसत आहेत. बिल येत नाही म्हणून पंप दिवसभर चालू ठेवण्याचा मोह होणारच. पण शेतकरी बंधूंनो, ऊन उद्या पुन्हा उगवेल. विहिरीचा तळ लागला तर पुढचा पाऊस येईपर्यंत पाहत बसावे लागेल. आणि गुरुजन हो, मुलांना सौर पॅनेल जरूर दाखवा. पण त्याआधी शाळेच्या मीटरचा आठवडाभराचा आकडा त्यांच्याकडून फळ्यावर मांडून घ्या.