दर डासामागे एक आणा

डास चावल्याबद्दल पैसे मिळाल्याची नोंद इतिहासात आहे. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला मुद्दाम डास चाववले. भाव ठरला तो असा : रक्त प्यालेल्या दर डासामागे एक आणा. हुसेन खानला एकंदर आठ आणे मिळाले. २० ऑगस्टला अशाच एका डासाच्या पोटात रॉसना हिवतापाचा जंतू सापडला आणि १९०२ साली नोबेल पारितोषिक. भांडवल कुणाचं आणि नफा कुणाला, हे बँकेतल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

हा भाव मला लहानपणी कळता, तर दिग्रसला आजोळी मी चांगला पैसेवाला झालो असतो. १९८८ चा उन्हाळा. मी आठ वर्षांचा. सकाळी शेतातल्या विहिरीवर पोहणं शिकायचं आणि रात्री अंगणात खाटेवर डासांना जेवू घालायचं. पाठीला तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा, तोंडाला डाग देऊन बंद केलेला. मामा काठावरून ढकलायचे. आधी डबा वर यायचा, मग डब्यामागोमाग मी. (आर्किमिडीज मला शाळेत शिकावाच लागला नाही. त्याचे वळ पाठीवर होते.) एका सकाळी अंगावरचे चावे मोजले, तर तेवीस! रॉसच्या भावानं एक रुपया सात आणे.

आजीला या हिशेबात गंमत वाटत नसे. तिचा धाकटा भाऊ आठव्या वर्षीच थंडीतापानं गेला होता. १९४७ साली देशात साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि ८ लाख मरायचे, असा अंदाज आहे. त्यातला एक आजीचा. १९५३ साली सरकारनं मोहीम काढली, घरोघर डीडीटी फवारलं. १९६५ पर्यंत रोगी लाखावर आले. सगळ्यांना वाटलं, खातं बंद झालं. डास तोवर डीडीटीला सरावले आणि आपण सुस्तावलो. १९७६ साली रोगी ६४ लाख! एवढं चक्रवाढ व्याज आमची बँकसुद्धा लावत नाही.

त्यातून हिवतापाचा डास मोठा सोवळा. गटारापेक्षा त्याला साठलेलं स्वच्छ पाणी आवडतं. म्हणजे मला तरंगायला शिकवणारी विहीर त्याच्या पिल्लांचंही बाळंतघर! म्हणून विहिरीत गप्पी मासे सोडलेले असत. अळ्या खाऊन कंटाळले, की ते आमच्या पायांची चव बघत.

"बुडत्याले काढता येते रे," आजी म्हणायची, "पन या मच्छराले धरावं कोनी?" मग ती कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायची आणि रोज संध्याकाळी माझ्या कपाळाला हात लावून बघायची.

मे संपता संपता माझा डबा सुटला. आजी एकदाच विहिरीवर आली. मी या काठापासून त्या काठापर्यंत जाऊन दाखवलं. तिनं माझ्याकडे नाही, पाण्याकडे बघितलं.

"हायेत ना रे यात मासे?"

"हायेत ना माय," मामा म्हणाले.

मग ती पायरीवर टेकली आणि म्हणाली, "आता पोह्य एकडाव."