पाजणे आणि पाळणे

रामाकोन्यात लेकराच्या औषधाला तीन भाषा लागतात. बाटलीवर छापलेली असते इंग्रजी. देणारा सांगतो हिंदीत, 'दिन में तीन बार पिलाना'. आणि घरी आजी सुनेला विचारते ते मराठीत: 'लेकराले दवाई पाजली का?' सौसर-पांढुर्ण्याचा हा पट्टा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला. कापूस-संत्र्याचा हा मुलूख आधी छिंदवाडा जिल्ह्यात होता, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहे. इथला सरकारी कागद हिंदीत चालतो, घरातले बोलणे नागपुरी वळणाच्या मराठीत. पण औषध लेकराच्या घशाखाली उतरते ते शेवटी आजीच्या त्या एका क्रियापदाने. पाजणे.

पिणे या क्रियेचे हे प्रयोजक रूप. संस्कृतात पिबति म्हणजे तो पितो आणि पाययति म्हणजे तो दुसऱ्याला प्यायला लावतो. त्यातूनच प्राकृताच्या वाटेने आपले पाजणे आले. प्रयोजक क्रियापदाला नेहमी दोन माणसे लागतात, एक करणारा आणि एक करवून घेणारा. मोठा माणूस औषध घेतो, लहान मुलाला ते पाजावे लागते. दूध पाजतात, पाणी पाजतात, पोलिओचा डोसही पाजतात. 'रविवारी पोलिओ पाजायला नेलं' असे आपल्या आया सहज म्हणून जातात. तिथे पोलिओ हे रोगाचे नाव आहे हे कुणाच्या ध्यानीही येत नाही, इतका त्या पाजण्यावर विश्वास बसलेला आहे. उपदेशाचे डोससुद्धा आपण पाजतोच. ऐकणाऱ्याला निवड नसते, हे त्यात गृहीत असते. खुद्द डोस हा शब्द ग्रीक 'डोसिस'वरून आला. त्याचा अर्थ देणे, म्हणजे तो आपल्या दान शब्दाचा दूरचा भाऊ. मराठी असो की ग्रीक, औषधाच्या शब्दात देणारा आधीच उभा असतो.

औषध शब्दातही पिणे आहे. ओषधि म्हणजे वनस्पती, तिच्यापासून झालेले ते औषध. यास्काचार्यांनी निरुक्तात ओषधि शब्दाच्या एकाहून अधिक व्युत्पत्ती दिल्या. त्यांतल्या एकीप्रमाणे ओषधि म्हणजे दोष पिऊन टाकणारी. ही फोड आजच्या भाषाशास्त्राला पटेलच असे नाही. पण रोग्याने औषध प्यावे आणि औषधाने रोग प्यावा, ही कल्पना मला फार आवडते.

सिरप हा शब्द आज खेड्यापाड्यात मराठीच झाला आहे. तोही मूळचा पिण्याचाच. अरबीत 'शरिब' म्हणजे तो प्याला, त्याने पिले. त्या धातूपासून शरबत झाले आणि शराबही झाली. हाच शब्द लॅटिनमार्गे युरोपात गेला आणि इंग्रजीत सिरप झाला. म्हणजे उन्हाळ्यात पाहुण्याला दिलेले लिंबाचे सरबत, गुत्त्यातली शराब आणि लेकराच्या खोकल्याचे सिरप ही एकाच अरबी घरची भावंडे. आणखी एक जोडी सांगतो. इंग्रजीत विषाला जो शब्द आहे, पॉयझन, तो लॅटिन 'पोतिओ'चा वंशज. पोतिओ म्हणजे घोट, पेय, आणि पुढे औषधी पेय. युरोपातल्या भाषांनी औषधाचा घोट आणि विषाचा घोट एकाच शब्दातून काढले, कारण प्याल्यात काय आहे ते पिणाऱ्याला दिसत नाही, हे फार जुने ज्ञान आहे.

ते ज्ञान छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबरात किती महाग पडले हे आता सगळ्या देशाला ठाऊक आहे. रामाकोन्याहून सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला जावे आणि तिथून पुढे कोळशाच्या खाणींकडे वळावे, की परासिया लागते. तिथल्या लहान मुलांना साधा ताप आणि सर्दी-खोकला झाला. कोल्ड्रिफ नावाचे सिरप पाजले गेले. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, लघवी थांबली, मूत्रपिंडे निकामी झाली. आईबाप मुलांना घेऊन नागपूरला धावले. वीसहून अधिक मुले गेली. बहुतेक परासिया भागातली होती, बैतूल आणि आपल्या पांढुर्णा जिल्ह्यातलीही होती. महिनाअखेरीस संशय बाटलीवर आला. २ ऑक्टोबरचा तामिळनाडूच्या प्रयोगशाळेचा अहवाल सांगत होता की सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल आहे आणि त्याचे प्रमाण ४८.६ टक्के आहे. मान्य मर्यादा ०.१ टक्का. ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली.

ग्लायकॉल हे नाव रसायनशास्त्राने ग्लिसरीन आणि अल्कोहोल जोडून बनवले. ग्लिसरीनच्या पोटात ग्रीक 'ग्लुकुस' आहे, म्हणजे गोड. नावाप्रमाणे ते खरेच गोडसर लागते. त्याला रंग नाही, वास नाही. औषधात ज्या शुद्ध द्रावकाला जागा असते त्याच्यासारखेच ते दिसते. उद्योगातले ते स्वस्त द्रव्य औषधात शिरले, की जगातली कोणतीही आई ते चमच्यात ओतून, वास घेऊन किंवा जिभेला लावून ओळखू शकणार नाही.

आपल्याकडे लेकराच्या औषधाचा एक जुना प्रकार असा होता की त्यात काय आहे ते पाजणारीला दिसायचे. बाळगुटी. सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकायचे आणि त्यात हळकुंड, वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ एकामागून एक उगाळायचे. मोजमाप चमच्याचे नसे, वेढ्यांचे असे: हळकुंडाचे दोन वेढे, जायफळाचा अर्धाच. मूल मोठे होई तसे वेढे वाढत. गुटीच्या डब्यात अतिविष नावाची एक पांढरट मुळीही असते. नाव ऐकून नवी सून दचकते. पण जुने वैद्य या नावाचा अर्थ 'विषापलीकडची, विषावर मात करणारी' असा लावत. गुटीचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. गुटी घेणारी मुलेही डांग्या खोकल्याने आणि घटसर्पाने घरोघर जात होती, ती वाचू लागली ती लसीमुळे. आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, हे आजचे वैद्यकीय मत मला पूर्ण मान्य आहे. सांगायचे ते एवढेच, की गुटीच्या वेळी पाजणारीला पारखताही येत होते. औषध कारखान्यात गेले तेव्हा पाजणे घरी राहिले आणि पारख घरातून गेली.

ती पारख कुणाकडे गेली, याचे उत्तर दुसऱ्या एका क्रियापदात आहे.

संस्कृत व्याकरणात 'पा' हे धातू दोन आहेत. एक पिण्याचा, दुसरा राखण्याचा. पहिल्याचे प्रयोजक पाययति, त्याचे मराठी पाजणे. दुसऱ्याचे प्रयोजक म्हणून वैयाकरण पालयति देतात, त्याचे मराठी पाळणे. आधुनिक अभ्यासक पालयति हे 'पाल' म्हणजे राखणदार या नामावरून बनलेले मानतात. तरी मूळ राखण्याशीच जाते. पाजणे आणि पाळणे उच्चाराला इतके जवळचे आहेत, पण त्यांचा कुळाचा संबंध नाही. घरात मात्र ती दोन्ही कामे एकाच बाईच्या हातून होतात. पाळण्याचा परिवार मोठा आहे: पालक, प्रतिपाळ, गोपाळ, बाळ निजते तो पाळणा. आणि त्याच कुळातला, आज थोडा बदनाम झालेला शब्द पाळत. पाळत ठेवणे म्हटले की आपल्याला हेर आठवतो, कुणाच्या मागावर असलेला पोलीस आठवतो. पण पाळत म्हणजे पाळण्यासाठी ठेवलेली नजर. पाळण्याशेजारी बसलेल्या आजीची जी नजर, तीच.

सरकारच्या भाषेत या कामाला बालसंरक्षण म्हणतात, औषधांच्या बाबतीत औषध नियंत्रण म्हणतात. माझ्या मते खरा शब्द पाळत हाच आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने औषधांवरची पाळत सरकारकडे दिली. निरीक्षकाने कारखान्यात जावे, द्रावकाच्या प्रत्येक पिंपाची तपासणी झाली आहे का पाहावे, दुकानातून नमुना उचलावा, यासाठी तो कायदा आहे. आईने पाजावे आणि राज्याने पाळावे, अशी ती वाटणी आहे. परासियात आयांनी आपले काम चोख केले. सांगितले तितके, सांगितले तेव्हा पाजले.

पाळत चुकण्याची ही पहिली वेळ असती तर तिला अपघात म्हणता आले असते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच द्रव्य मिसळलेले ग्लिसरीन पाजल्याने १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालय, पुरवठादार आणि राज्याचे अन्न व औषध प्रशासन अशा सगळ्यांच्या कारभाराची चिरफाड केली. पुढे २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूच्या उधमपूर जिल्ह्यात रामनगरला मुले गेली. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात सुमारे ७० मुले गेली, आणि तिथल्या संशयित सिरपांच्या बाटल्या भारतात बनलेल्या होत्या.

या विषाची सर्वांत जुनी मोठी कहाणी १९३७ मधली, अमेरिकेतली आहे, आणि ती एका शब्दावर अडलेली आहे. सल्फानिलामाइड हे औषध मुलांना घेता यावे म्हणून एका कंपनीने ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले आणि बाटलीवर नाव घातले 'एलिक्सिर'. शंभरावर माणसे गेली, त्यांत कितीतरी मुले होती. तेव्हाच्या कायद्यात औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित आहे हे दाखवण्याची सक्तीच नव्हती. सरकारने बाटल्या जप्त केल्या त्या एकाच आधारावर: एलिक्सिर म्हणजे अल्कोहोल असलेले द्रावण, आणि यात अल्कोहोल नाही, म्हणून नाव खोटे. त्याला नुसते 'द्रावण' म्हटले असते तर जप्त करायलाही कायदा नव्हता. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने नवा कायदा केला. एलिक्सिर हा शब्द अरबी 'अल्-इक्सीर'वरून आला. हिणकस धातूचे सोने करणारा आणि माणसाला दीर्घायुष्य देणारा अर्क, असा त्याचा लौकिक होता.

आपल्याकडेही एका शब्दावर असेच काही अडून होते. १९४५ च्या औषध नियमांच्या परिशिष्ट 'के'मध्ये अशी मुभा आहे की हजारापर्यंत वस्तीच्या गावात काही घरगुती औषधे विनापरवाना विकता येतात. खोकल्याच्या गोळ्यांबरोबर खोकल्याची सिरपेही त्या यादीत होती. खेड्यातल्या माणसाला खोकल्यासाठी शहर गाठावे लागू नये, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने या यादीतून 'सिरप' हा शब्द वगळण्याचा मसुदा काढला. एक शब्द गेला तर लहान गावातल्या किराणा दुकानातली बाटली परवान्याखाली येते. हे पाऊल मला योग्य वाटते, फक्त ते इतक्या लेकरांनंतर पडले. आणि हेही लक्षात ठेवले पाहिजे, की परासियाची बाटली विनापरवाना कारखान्यातून आलेली नव्हती. परवाना होता, पाळत नव्हती.

पाळत कशी असावी याचा नमुना याच देशात आहे. पोलिओच्या लसीच्या कुपीवर एक गोल असतो आणि गोलात चौकोन. लसीला ऊन, उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो. तो भोवतालच्या गोलाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. अंगणवाडीच्या ओट्यावर बसलेली ताई इंग्रजीचे एक अक्षर न वाचता हे पाहू शकते. १९९५ पासून देशाने पोलिओचे डोस पाजले आणि पुढे असे पाळलेही. जानेवारी २०११ नंतर भारतात रानटी विषाणूच्या पोलिओचा रुग्ण सापडला नाही आणि २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. पाजण्याबरोबर पाळणे असले की काय होते, ते यात दिसते.

मूल गेले म्हणायला आपल्या तोंडी आणखी एक शब्द येतो: दगावले. तो फारसी 'दगा'वरून आला. हाताशी आलेले मूल दगा देऊन गेले, अशी त्यामागची बाळंतघरातली जुनी वेदना. परासियाच्या बातम्यांतही 'बालके दगावली' असे छापून आले. मला तो शब्द तिथे वाचवेना. त्या लेकरांनी कुणाला दगा दिला नाही, दगा त्यांना झाला.

आता वाचणाऱ्यांना कळकळीची विनंती. दोन वर्षांखालच्या मुलाला खोकला-सर्दीचे सिरप देऊच नये आणि पाच वर्षांखालीही ते सहसा देऊ नये, असे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले आहे. बहुतेक मुलांचा खोकला आपोआप बरा होतो. द्यावेच लागले तर डॉक्टरला विचारूनच द्या, बिल घ्या, आणि मूल बरे होईपर्यंत बाटली फेकू नका, तिच्यावर बॅच क्रमांक असतो. औषध सुरू असताना मुलाची लघवी कमी झाली किंवा सारख्या उलट्या झाल्या तर सिरप तिथेच थांबवा आणि बाटलीसकट मोठा दवाखाना गाठा. आणि आपल्या भागात किती नमुने उचलले, किती तपासले, किती नापास झाले, हे औषध निरीक्षकाच्या कचेरीला लेखी विचारा. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्याजवळ आहे आणि त्याचा अर्ज रामाकोन्यातूनही करता येतो.