आईचा निम्मा वाटा

वैशाख सरत आला की आमच्या पेडणे-डिचोलीकडील जुन्या घरांत एक प्रकारची लगबग सुरू होत असे. अंगणात चटयांवर भिरंडांची सोले वाळत, बिया काढून मीठ लावलेल्या चिंचेचे गोळे वळले जात, मिरच्या उन्हात पडत, फणसाची साटे दर दोन तासांनी परतली जात. आगरवाड्याच्या मिठागरातले मीठ येई, उकडे तांदूळ कणगीत पडत. ह्या पावसाळी बेगमीला आमच्याकडे ‘पुरुमेत’ म्हणतात. शब्द पोर्तुगीजांच्या घरून आला खरा, पण त्यामागची विद्या आमच्या आयांची. चार महिने नदीनाले भरलेले, तरी बंद, बाजार दूर. अशा काळात घरातील बारा-पंधरा तोंडांना किती सोले लागतील आणि पाहुणा आल्यास किती अधिक, ह्याचा आकडा कोणत्याही वहीत नसे. तो एका बाईच्या डोक्यात असे, आणि तो सहसा चुकत नसे.

माझ्या स्वतःच्या अंगी जी काटकसर आहे ती मला आईकडून आली. पाठकोरे कागद मी टाकीत नाही. पुडक्याची सुतळी सोडवून गुंडाळून ठेवतो. अशिलांना ह्याचे हसू येते, आणि सहव्यवसायी मंडळी तर उघडच थट्टा करतात. पूर्वी मला ह्याचा थोडा संकोच वाटे. पुढे आमच्या प्रांताचा इतिहास वाचू लागलो तेव्हा ध्यानी आले की ही सवय स्वभावाची नव्हे, अनुभवाची आहे.

तो अनुभव आजीच्या पिढीचा. गोव्यात पिकणारा तांदूळ गोव्याला कधीच पुरत नसे. बाहेरून येणाऱ्या धान्यावर बराचसा भार. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला आणि ती वाट बंद झाली. पुढे १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्याच्या सीमेवर पत्रादेवी येथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यानंतर सरहद्द मिटली, आणि सातार्डा-आरोंद्याकडील ज्या आप्तांकडे सकाळी जाऊन सायंकाळी परतावे ते एकाएकी परदेशी झाले. मुंबईत नोकरीस असलेल्या मुलाचा पैसा घरी पोचण्याची पंचाईत झाली. हे संपते न संपते तोच १९५८ साली रुपयी जाऊन एस्कूद आला, एका रुपयीचे सहा एस्कूद ह्या भावाने. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि भारतीय रुपया आला. तीन-चार वर्षांत तीन नाणी! ज्या बाईने हे पाहिले तिचा विश्वास नाण्यावर कसा बसावा? तिने तो तांदळावर, माडावर आणि चार पाटल्यांवर ठेवला. तिच्या काटकसरीला कंजूषपणा म्हणणारे आम्ही नातू सुबत्तेत वाढलेलो.

सुबत्तेवरून आठवले. डिचोली तालुक्यात खनिजाचा पैसा आला तेव्हा ह्या सवयी जुनाट ठरल्या. कर्जाने ट्रक घेतले, कर्जानेच घरांवर मजले चढले. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या, आणि ट्रक अंगणात गंजत राहिले. त्या दिवसांत कर्जवसुलीच्या प्रकरणांत मी कित्येक घरे आतून पाहिली. ज्या घरात म्हातारी आई अद्याप हिशेब पाहात होती ते घर बहुधा तरले. हा माझा अदमास आहे. पुराव्याने सिद्ध करावयास सांगाल तर मी असमर्थ आहे.

आता कायद्याकडे वळू. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. ह्या ‘नव्या काबिजादीं’तील हिंदूंच्या रूढींना हात लावावयाचा नाही असे धोरण राहिले, इतके की ह्या रूढींची संहिता १८५४ साली सरकारी छापखान्यात पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. पुढे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाला, आणि १६ डिसेंबर १८८० च्या हुकूमनाम्याने हिंदूंच्या काही रूढी राखून ठेवल्या. राखलेल्या रूढी सगळ्याच अभिमानाच्या नव्हेत. पुत्र न झाल्यास काही अटींवर दुसरी बायको करण्याची मुभा त्यांतच होती.

परंतु ह्या कायद्याने एक गोष्ट अशी दिली की जिचे मोल आम्ही आजही पुरते ओळखलेले नाही. वेगळा करार न करता लग्न झाले तर पतिपत्नींची मिळकत एक होते आणि तीत पत्नीचा निम्मा वाटा असतो. नवऱ्याने कारभार पाहावा, पण तिच्या संमतीवाचून स्थावर विकू नये. पलीकडे वेंगुर्ल्यात, ब्रिटिश अमलाखाली, हिंदू विधवेला नवऱ्याच्या इस्टेटीत मर्यादित हक्क मिळावयास १९३७ साल उजाडावे लागले आणि पूर्ण मालकी १९५६ साली आली. १९६२ च्या कायद्याने गोव्यातील जुने कायदे चालू राहिले. वारसाविषयक भागाची जागा २०१६ साली अमलात आलेल्या गोव्याच्या स्वतःच्या कायद्याने घेतली. पत्नीचा निम्मा वाटा मात्र हलला नाही.

ह्याहून मला हृद्य वाटते ती वाटणीच्या दाव्यातील जुनी रीत. नवरा वारल्यावर इस्टेटीची यादी न्यायालयापुढे शपथेवर मांडण्याचा पहिला मान मागे राहिलेल्या पत्नीचा. पोर्तुगीज तिला ‘काबेस द कझाल’ म्हणजे घराचे मस्तक म्हणत. जिने आयुष्यभर तांब्या-पितळेची भांडी मोजून लावली, तिलाच कायदा विचारतो की बाई, ह्या घरात काय काय आहे ते सांग. कायदे करणाऱ्यांनी पुरुमेत पाहिले नसेल. पण घराचा हिशेब कोणास ठाऊक असतो हे त्यांना कळले होते.

व्यवहारात मात्र काय घडले? संमती म्हणजे कागदावर अंगठा, आणि अंगठा म्हणजे जेवणे वाढता वाढता ओटीवर येऊन केलेले काम. मजकूर वाचून दाखविण्याची तसदी कोण घेतो? मुलींची हक्कसोड तर आजही लग्नाच्या खरेदीसारखी उरकली जाते.

आणि आम्ही तर मातृपूजक म्हणवितो. गावोगावी सातेरी आहे, वारुळाच्या रूपाने साक्षात भूमी. पेडण्यात माउली आहे. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरज्याची मोरजाई ह्या बहिणी-बहिणी अशी आमची श्रद्धा, आणि लईराईच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारा धोंड ‘आई’ म्हणूनच हाक मारतो. त्याच देवस्थानांचे कामकाज पाहाता बहुतेक ठिकाणी महाजनांची नोंद पुरुषवंशाने चालते. देवीची ओटी भरणारीचे नाव त्या वहीत नाही. हे लिहिताना मला कोणावर शिंतोडे उडवावयाचे नाहीत, कारण माझेच हात स्वच्छ नाहीत.

वडील वारल्यावर आम्हा भावंडांची वाटणी सुकर व्हावी म्हणून मी स्वतः एक मसुदा केला. आईने आपला निम्मा वाटा मुलांस बक्षीस द्यावा, मुलांनी तिला मरेपर्यंत सांभाळावे. असे मसुदे मी अशिलांसाठी अनेकदा केले होते. त्यात काही वावगे आहे असे मनातही आले नाही. आईने चष्मा लावून तो सगळा वाचला. मग म्हणाली, “तो आसतना म्हजे सयेबगर एक भाट लेगीत विकूंक जायनाशिल्लें. आतां तो ना, तर म्हजें अर्दें खंय गेलें, बाबा?”

वीस वर्षे वकिली केलेल्या माणसाकडे ह्यावर उत्तर नव्हते. मसुदा मागे घेतला. रीतसर यादी करावयाची ठरली, आणि आई कोठीच्या दारात पाट घेऊन बसली. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. वडिलांना किंवा मला ज्यांचा पत्ता नव्हता अशा वस्तू निघाल्या. त्यांतच आजीचा डबा, तळाशी रुपयी, एस्कूद आणि दोन-चार जुने भारतीय रुपये. एकतिसाव्या ओळीला तिने ‘तांब्याची घागर, बूड गळके’ असे लिहावयास सांगितले. गळकी घागर यादीत कशाला, असे मी विचारले. कल्हईवाला आला की ती नीट होईल, असे तिचे म्हणणे.

माझ्या मसुद्याचे कागद तिने फाडू दिले नाहीत. पाठकोरे होते ना! दाभणाने शिवून तिने त्यांची वही केली, आणि यंदाच्या पुरुमेताचा हिशेब तिच्यावर आहे.