मुलूखमैदान : नगरात ओतलेली, विजापूरची म्हणवली गेलेली तोफ

निवडणुका जवळ आल्या की वर्तमानपत्रांत एक शब्दप्रयोग हमखास भेटतो : अमुक नेते म्हणजे पक्षाची ‘मुलूखमैदान तोफ’. तो छापणाऱ्यांपैकी आणि वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की ही तोफ खरोखरीची आहे आणि आजही शाबूत आहे. विजापूरची म्हणून ती प्रसिद्ध असली, तरी जन्माने ती नगरची आहे. आजचा धागा तिच्यावर.

मूळ नाव ‘मलिक-ए-मैदान’, म्हणजे रणांगणाचा धनी. मराठी जिभेने त्या ‘मलिक’चा ‘मुलूख’ करून टाकला आणि नाव अधिकच घुमू लागले. तोफेवरील लेखात हिजरी सन ९५६ आहे, म्हणजे इ.स. १५४९. त्या वेळी अहमदनगरच्या गादीवर पहिला बुऱ्हाण निजामशाह होता. लेखात त्याने स्वतःला पैगंबराच्या घराण्याचा सेवक म्हणवले आहे. हा केवळ शिष्टाचार नव्हे. बुऱ्हाणाने १५३७च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला होता आणि शेजारच्या दरबारांना ते खुपत होते. आपली श्रद्धा त्याने कागदावर नव्हे, तर धातूवर कोरून ठेवली.

दुसरा लेख राजाचा नाही, कारागिराचा आहे. मुहंमद बिन हुसेन रूमी याने ही तोफ घडवली, असे तो सांगतो. बंदुकीच्या कारागिरीचा विषय निघाला की आपल्यापुढे लंडनच्या दुनळी बंदुका येतात. संस्थानिकांनी मागवलेल्या, नळीवर पर्डीसारख्या घराण्याचे नाव कोरलेल्या, रेशमासारख्या नक्षीच्या. त्या सुंदर आहेतच. पण पर्डीचे दुकान १८१४चे; कर्त्याचे नाव शस्त्रावर कोरण्याची रीत त्याच्या अडीचशे वर्षे आधी नगरात दिसते. दख्खनमधील किती शिल्पी, गवंडी, ओतारी निनावीच गेले, हे आठवले म्हणजे या एका नावाचे मोल कळते.

‘रूमी’ म्हणजे रूमचा, उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. तोफा ओतण्यात त्या काळी तुर्कांचा हात धरणारे फार थोडे होते. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपलचा तट प्रचंड तोफांनी फोडणाऱ्या साम्राज्याचे कारागीर समुद्रमार्गे गुजरात आणि दख्खनच्या दरबारांत चाकरीस येत. निजामशाहीकडे चौलसारखे बंदर होते. माणसे तिथून आली, तसेच बहुधा कथीलही तिथूनच आले असावे, कारण दख्खनच्या काळ्या दगडात कथील सापडत नाही.

आता आकडे पाहू. लांबी सुमारे ४.४५ मीटर, बाहेरचा व्यास दीड मीटर, तोंडाचा व्यास ७० सेंटिमीटर. वजन ५५ टन सांगतात. हा आकडा मला आधी अतिशयोक्त वाटला, म्हणून कागद घेऊन बसलो. दंडगोलाचे घनफळ काढले, पोकळी वजा केली, उरलेल्याला धातूच्या घनतेने गुणले. उत्तर पन्नाशीच्या पुढेच येते. आकडा विश्वासार्ह आहे. अशा नळीत मावणारा दगडी गोळाच साडेचारशे ते पाचशे किलोंचा भरेल.

ती ‘पंचधातूची’ आहे असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नव्हे. पृथक्करणात सुमारे ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील आढळले आहे. हे प्रमाण तोफेच्या धातूचे नसून घंटेच्या धातूचे आहे. तोफेसाठी साधारण ८ ते १२ टक्के कथील पुरते. तेवढ्याने धातू चिवट राहतो, स्फोटाचा धक्का सोसतो. कथील वाढले की धातू कठीण होतो, सुरेख नाद देतो, पण ठिसूळही होतो. मग रूमीने हे का केले? कथील वाढले की मिश्रण कमी उष्णतेवर वितळते आणि साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट उतरते. एवढ्या मोठ्या ओतकामात हाच मुद्दा निर्णायक ठरला असावा, असा माझा तर्क आहे. ठिसूळपणाची भरपाई त्याने जाडीने केली : नळीची भिंत सुमारे ४० सेंटिमीटर जाड आहे.

ओतण्याचा प्रसंग डोळ्यांपुढे आणून पाहा. त्या काळच्या रीतीप्रमाणे जमिनीत खोल खड्डा. त्यात मातीचा साचा. मधोमध पोकळीसाठी मातीचाच गाभा. हा गाभा बोटभर जरी सरकला, तरी एका बाजूची भिंत पातळ होणार आणि पहिल्याच बाराला तोफ फुटणार. साच्यात कुठे ओल राहिली, तर वाफ होऊन उकळता धातू माणसांच्या अंगावर उडणार. पन्नासहून अधिक टन रस एका भट्टीत मावणे कठीण, म्हणजे अनेक भट्ट्या एकाच वेळी तयार ठेवून, धार न तोडता, सगळ्यांचे तोंड एकदम उघडायचे. धार तुटली तर थर नीट जुळत नाहीत. मग निवायला कित्येक दिवस. साचा फोडल्यावरच कळणार, हाती तोफ आली की भंगार.

तोंडाशी नक्षी आहे ती जबडा वासलेल्या श्वापदाची; त्याच्या दातांत हत्ती चिरडला जात आहे. हत्ती भुईस मिळवणारे श्वापद आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर अनेकदा भेटते. जंजिऱ्याच्या महाद्वारावरचे सहा हत्तींचे शिल्प अनेकांनी पाहिले असेल. कारागीर तुर्की, पण कल्पना इथली. मला ही गोष्ट सर्वांत अधिक भावते.

तालिकोटच्या लढाईत, २३ जानेवारी १५६५ रोजी, याच तोफेने विजयनगरचा पाडाव केला, असे समाजमाध्यमांवर ठामपणे सांगितले जाते. मी इतक्या ठामपणे सांगणार नाही. हुसेन निजामशाहाच्या तोफखान्याने त्या दिवशी निकाल लावला, तोफखान्याचा सरदार चलबी रूमीखान होता आणि त्याने तोफांत तांब्याची नाणी भरून डागली, हे फिरिश्ता लिहितो. परंतु ५५ टनांचे धूड कृष्णाकाठच्या मोकळ्या रणात नेऊन वेळेवर रोखणे मला कठीण वाटते. ही तोफ बुरुजावरची आहे. बार उडवताना गोलंदाज शेजारच्या हौदात बुडी मारून बसे, ही कथाही मनोरंजक म्हणूनच ऐकावी.

निजामशाही ढासळू लागली, तोवर तोफ परांड्याच्या किल्ल्यात होती. परांडा आदिलशाहीकडे गेला आणि १६३२ साली मुरार जगदेवाने ती विजापुरास नेली. शेकडो बैल आणि अनेक हत्ती जुंपले होते म्हणतात. ‘कडक बिजली’ नावाची तिची जोडीदारीण वाटेत नदीत बुडाली, अशी आख्यायिका आहे. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने आपला लेख तिच्यावर खोदवला : ज्या पृष्ठावर एका राजाने आपली श्रद्धा कोरली, त्याच पृष्ठावर दुसऱ्याने आपला विजय.

आणि मग १८५४. सातारचे राज्य १८४८ सालीच खालसा झाले होते; विजापूर कंपनीच्या साताऱ्याच्या कमिशनरच्या अखत्यारीत होते. तिथल्या निरुपयोगी जुन्या वस्तू विकून टाकाव्यात असा हुकूम निघाला आणि मुलूखमैदान लिलावात उभी राहिली. बोली लागली १५० रुपये. टनाला तीन रुपयेसुद्धा नाहीत. मामलेदाराला ही किंमत फारच कमी वाटली आणि लोकांच्या मनात तोफेला असलेले स्थानही त्याने वरिष्ठांना कळवले. विक्री रद्द झाली. त्याने बोली मुकाट्याने मान्य केली असती, तर रूमीची सही कुणाच्या तरी भट्टीत वितळून हंड्या-घागरी झाली असती.

आज ती शेरजा बुरुजावर आहे. नगरपासून सुमारे तीनशे किलोमीटर. नगरात रणगाड्यांचे संग्रहालय आहे, देशोदेशीचे रणगाडे तिथे पाहायला मिळतात, आणि ते जरूर पाहावे. पण पुढच्या सुट्टीत विजापूरला गेलात, तर गोलघुमटावरून थेट परत फिरू नका. शेरजा बुरुजाच्या पायऱ्या चढा, त्या गुळगुळीत हिरवट धातूवरचे लेख शोधा आणि त्यांतले रूमीचे नाव कुठे आहे ते मला छायाचित्र काढून कळवा.