सावेदादांची कुस्ती

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, नोकरी सोडतोय. डॉक्युमेंटरी करणार." ताई हे वाचेलच, म्हणून आधीच सांगतो, मी त्याला फूस लावलेली नाही. पण पुढे त्याने विचारलं, "आपल्याकडे यात कुणाचं पोट भरलंय का?" आणि मला एकदम सावेदादा आठवले.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा. मुंबईत त्यांचा फोटोग्राफीचा व्यवसाय होता. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला आणि मुंबईला हे नवं वेड लागलं. सावेदादांनी २१ गिनी मोजून इंग्लंडहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला खास ठरवलेली एक कुस्ती त्यांनी चित्रित केली. फिल्म धुवायला पार लंडनला पाठवली! फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' यायला अजून चौदा वर्षं होती.

१९०१ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर र. पुं. परांजपे मायदेशी परतले. त्यांच्या स्वागताचं चित्रण सावेदादांनी केलं. भारतातलं पहिलं वार्ताचित्र म्हणून त्याचं नाव घेतात. १९०३ मध्ये कर्झनचा दिल्ली दरबारही टिपला. आणि पुढे? पुढे ते गेइटी थिएटरचे व्यवस्थापक झाले. कॅमेरा मागे पडला.

म्हणजे हिशोब असा, की आधी फोटोंच्या धंद्याने कॅमेरा पोसला आणि नंतर थिएटरने माणसाला. खऱ्या घटना टिपण्याचा काळ मधल्या मोजक्या वर्षांचा. पण त्याच वर्षांमुळे आज आपण त्यांचं नाव घेतो.

मला खरी हुरहूर वेगळीच लागते. ती कुस्ती आज पाहायला मिळत नाही. रीळ उरलेलंच नाही. 'राजा हरिश्चंद्र'चा निदान काही भाग तरी शिल्लक आहे. या दुसऱ्या हरिश्चंद्राच्या वाट्याला मात्र पुस्तकांतल्या चार ओळी आल्या.

भाच्याला म्हटलं, "पोट भरेल, पण बहुतेक दुसऱ्या कशाने तरी. तेव्हा लग्नाचे व्हिडिओ काढायला लाजू नकोस. आणि जे टिपशील त्याच्या दोन प्रती ठेव. एक माझ्याकडे दे."

तो हसला. मी मात्र कपाटातला एक खण रिकामा करून ठेवलाय.