जुन्या शर्यती मोटारीचें मोल

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत वस्तूची किंमत वापरानें उतरते असा जो नियम सांगितलेला असतो, त्याला मोटारीइतकें सोयीचें उदाहरण दुसरें नाहीं. विक्रेत्याच्या फाटकाबाहेर चाकें पडलीं कीं तिचा भाव घसरूं लागतो. कांहीं वर्षांत ती अर्ध्या किंमतीवर येते, आणि पुढें एक दिवस असा उगवतो कीं भंगारवाला वजनावर जें देईल तेंच तिचें मोल ठरतें. केवळ वेगासाठीं बांधलेल्या मोटारीला तर हा नियम अधिकच कठोरपणें लागू पडावा. तींत माणसें मावतात दोन. सामान जवळ जवळ मावतच नाहीं. पेट्रोल ती घटाघटा पिते. तिची नस ओळखणारा कारागीर शंभर कोसांत एखादा. बरें, ज्या एका गुणासाठीं ती घ्यावयाची, तो वेगहि दोन-तीन वर्षांत नव्या मोटारीपुढें फिका पडतो. थकलेला बैल निदान हलक्या कामाला तरी जुंपतां येतो. थकलेल्या शर्यतीच्या घोड्याचें काय करावें हा मात्र मालकांना नेहमींच पडत आलेला प्रश्न आहे.

असें असूनहि गेल्या साठ वर्षांत नेमक्या याच जातीच्या कांहीं जुन्या मोटारींनीं चित्रांशीं आणि रत्नांशीं स्पर्धा करावी असा भाव खाल्ला. हें कसें घडलें, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. परंतु मनुष्य किंमत म्हणून जी मोजतो ती नेमकी कशाची मोजतो, या जुन्या वादावरहि त्याचा चांगला प्रकाश पडतो.

इटलींतील मोडेना शहराजवळच्या मारानेल्लो गांवीं एन्झो फेरारी याच्या कारखान्यांत 1962 ते 1964 या तीन वर्षांत '250 जीटीओ' नांवाची मोटार बांधली गेली. नांवांतील शेवटचें अक्षर 'ओमोलोगातो' या इटालियन शब्दाचें; शर्यतीच्या नियामक मंडळानें मान्य केलेली, असा त्याचा अर्थ. ही मान्यता मिळण्यास त्या जातीच्या निदान शंभर मोटारी बांधलेल्या असाव्या असा दंडक होता. फेरारीनें सामान्यतः धरल्या जाणाऱ्या हिशेबाप्रमाणें बांधल्या छत्तीस. ही मोटार नवी नव्हेच, आमच्या पूर्वीच्या मोटारीलाच नवा अंगरखा घातला आहे, अशी बतावणी करून त्यानें वेळ मारून नेली. पुढें जी दुर्मिळता कोट्यवधि डॉलरांना विकली गेली, तिचा जन्म असा नियमाला दिलेल्या बगलेंत झाला आहे, हें तिचे भक्त फारसें सांगत नाहींत.

अमेरिकेंत या मोटारीची नवी असतांना किंमत सुमारें 18,000 डॉलर होती. तीन लिटरांचें, बारा सिलिंडरांचें इंजिन चालकाच्या पुढें बसविलेलें. आणि तेंच तिचें दैव फिरण्याचें कारण झालें. कारण त्याच सुमारास इंजिन चालकाच्या पाठीमागें ठेवणाऱ्या मोटारी शर्यतींत पुढें येऊं लागल्या, आणि दोन-तीन हंगामांत ही सुंदरी शर्यतीच्या दृष्टीनें म्हातारी झाली. हौशी लोकांनीं ती थोड्या पैशांत घ्यावी, गांवच्या लहान शर्यतींत पळवावी, मोडली तर कोपऱ्यांत लावून द्यावी, अशी तिची अवस्था आली. एक जीटीओ तर टेक्सास संस्थानांतील एका हायस्कुलाला देणगी म्हणून मिळाली, यंत्रकाम शिकणाऱ्या मुलांच्या उपयोगासाठीं. शाळेनें ती 1972 सालीं साडेसहा हजार डॉलरला विकली, आणि घेणाऱ्यानें ती पुढें कित्येक वर्षें उघड्यावर ठेवली. तिच्याच जातीची दुसरी एक मोटार 2018 सालीं कॅलिफोर्नियांतील मॉंटेरे येथील लिलावांत 4 कोटि 84 लक्ष डॉलरला गेली. म्हणजे शाळेला जें मिळालें त्याच्या सात हजार पटींहून अधिक. 2023 सालीं न्यूयॉर्कच्या लिलावांत याच कुळांतील एका मोटारीनें 5 कोटि 17 लक्षांचा आंकडा गांठला. त्या शाळेच्या चालकांना मूर्ख म्हणण्याचा मोह कोणाला होईल. मला तसें वाटत नाहीं. 1972 सालीं ती मोटार खरोखरच तेवढ्याच मोलाची होती. मोल पुढें जन्मलें, आणि तें मोटारींत नव्हे, माणसांत जन्मलें.

या जन्माची एक विलक्षण कथा फ्रान्समधील मुलूझ शहरीं घडली. लोकरीच्या गिरण्यांचे धनी हान्स आणि फ्रिट्स श्लुम्प या बंधूंना, विशेषतः फ्रिट्सला, बुगात्ती मोटारींचा नाद होता. एत्तोरे बुगात्ती हा मिलान येथें 1881 सालीं जन्मलेला कलावंतांच्या घराण्यांतील पुरुष. त्यानें 1909 सालीं आल्सास प्रांतांतील मोल्सहाइम गांवीं आपला कारखाना काढला, आणि 1924 च्या त्याच्या 35 क्रमांकाच्या मोटारीनें शर्यतींचीं मैदानें गाजविलीं. त्याचा कर्तबगार मुलगा जां 1939 सालीं मोटारीची परीक्षा घेतांना मेला, बाप 1947 सालीं गेला, आणि घराण्याचा दिवा मालवत आला. मेल्या म्हशीला मणभर दूध ही आपली म्हण बुगात्तीच्या बाबतींत लगेच खरी ठरली नाहीं. त्याच्या अजस्र 'रॉयल' मोटारी एकंदर सहाच बांधल्या गेल्या. त्यांपैकीं दोन 1950 च्या सुमारास एका अमेरिकन गृहस्थानें कांहींशें डॉलर आणि दोन रेफ्रिजरेटर यांच्या मोबदल्यांत घराण्याकडून नेल्या असें सांगतात. युद्धानें पोळलेल्या फ्रान्समध्यें बर्फाची पेटी मोटारीहून दुर्मिळ होती! त्या दोहोंपैकीं एक 1987 सालीं लंडनच्या लिलावांत पंचावन्न लक्ष पौंडांना विकली गेली.

श्लुम्प बंधूंनीं हा स्वस्ताईचा काळ साधला. 1964 च्या सुमारास त्यांनीं अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांतल्या एका संग्राहकाच्या तीस बुगात्ती एकदम 85,000 डॉलरला घेतल्या. सरासरी दर मोटारीस तीन हजारांहूनहि कमी. त्या आगगाडीवर चढून निघाल्या. हळूहळू गिरणीच्या एका प्रचंड इमारतींत चारशेंहून अधिक मोटारी जमा झाल्या. त्यांची डागडुजी करण्यास खास कारागीर ठेवलेले, आणि बाहेर या कानाची त्या कानाला खबर नाहीं. इकडे लोकरीचा धंदा बसत चालला. 1976 सालीं गिरण्या बुडाल्या, बंधुद्वय स्वित्झर्लंडमध्यें निघून गेलें, आणि 1977 च्या मार्च महिन्यांत रोजगार गमावलेले मजूर त्या इमारतींत शिरले. आपल्या वेतनाचें काय झालें हें विचारावयास आलेल्या त्या लोकांना नक्षीदार दिव्यांच्या रांगांखालीं झळझळीत पुसलेल्या मोटारींच्या पलटणी उभ्या दिसल्या. त्यांनीं इमारतीचा ताबा घेतला आणि सुमारें दोन वर्षें ती लोकांना दाखविली. फ्रान्सच्या सरकारनें 1978 सालीं हा संग्रह ऐतिहासिक ठेवा म्हणून संरक्षित ठरविला. 1982 पासून तेथें राष्ट्रीय संग्रहालय आहे. मजुरांच्या घामाचा पैसा लोखंडांत गुंतविला हें खरें, आणि त्या नादापायींच तें लोखंड भट्टींत जाण्यापासून वांचलें हेंहि खरें. या दोन सत्यांची वजाबाकी करून एक बाकी काढूं पाहणारे पुष्कळ लिहून गेले आहेत; मला तो हिशेब जुळेलसा वाटत नाहीं.

मोठी उसळी आली ती 1988 नंतर. त्या वर्षाच्या ऑगस्टमध्यें वृद्ध एन्झो फेरारी नव्वदाव्या वर्षीं वारला, आणि आतां त्याच्या हातची मोटार पुन्हां होणें नाहीं या एका विचारानें बाजार पेटला. 1989 सालीं एका जीटीओचा सौदा एक कोटि डॉलरांवर गेला. ज्यांनीं कधीं इंजिनाचें झांकण उघडून पाहिलें नव्हतें असे लोक मोटारी घेऊन लगेच विकूं लागले. हॉलंडांत 1637 सालीं ट्यूलिपच्या कंदांचें जें झालें तेंच येथें झालें. 1990 पासून भाव कोसळले, आणि 1994 च्या सुमारास जीटीओसारखी मोटारसुद्धां त्या शिखराच्या एक तृतीयांशाहून कमी किंमतींत मिळत होती.

याच कड्याच्या टोकावर इंग्लंडच्या न्यायालयासमोर एक खटला आला, आणि या सर्व इतिहासांत मला तोच सर्वांत उद्बोधक वाटतो. बेंटली कंपनीची 'ओल्ड नंबर वन' ही साडेसहा लिटरांची मोटार. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत तिनें 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षें जिंकली. दोन्ही वेळां वुल्फ बार्नाटो हा एक चालक होता. पण शर्यतीची मोटार म्हणजे देव्हाऱ्यांतील मूर्ति नव्हे. दर हंगामाला तिचे भाग बदलत गेले. 1931 सालीं मूळ कंपनी बुडून रोल्स-रॉइसच्या हातीं गेली. ही मोटार मात्र पळतच होती. 1932 मध्यें ब्रुकलंड्सच्या उतरत्या वळणावरून ती वर उडाली आणि तिचा चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. त्या वेळीं तींत आठ लिटरांचें निराळेंच इंजिन होतें. त्यानंतर बार्नाटोनें ती पुन्हां बांधवून रस्त्यावर फिरण्याजोगी बंद मोटार केली. अनेक वर्षांनीं एका जाणत्या मालकानें तिला शर्यतीच्या काळचें रूप परत दिलें. 1990 च्या एप्रिलमध्यें एका कंपनीनें ती एक कोटि पौंडांना घेण्याचा करार केला, आणि मग हात आंखडला. कंपनीचें म्हणणें असें कीं, ल मां जिंकणाऱ्या मोटारीचा जवळ जवळ एकहि तुकडा हिच्यांत उरलेला नाहीं. मग ही ती मोटार कशी?

वाचकांना येथें मिलिंद राजा आणि नागसेन आठवल्यावांचून राहणार नाहींत. राजा रथांतून आलेला. दांडा म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, चाक म्हणजे रथ काय, असें एकेक विचारून नागसेनानें त्याला निरुत्तर केलें, आणि 'रथ' हें भागांच्या आश्रयानें चालणारें नुसतें नांव आहे हें पटविलें. त्या कंपनीच्या वकिलांना तो दाखला उपयोगी पडला असता. परंतु न्यायमूर्ति ऑटन यांनीं 1990 च्या जुलैमध्यें निकाल दिला तो नागसेनाच्याच दुसऱ्या दाखल्याला धरून वाटतो. रात्रभर जळणारा दिवा पहिल्या प्रहरीं आणि शेवटच्या प्रहरीं तोच नसतो आणि दुसराहि नसतो. न्यायमूर्तींच्या मतें नवे भाग क्रमाक्रमानें मोटारीच्या अंगांत जिरत गेले, तिच्या आयुष्याची सांखळी कोठेंहि तुटली नाहीं, आणि 'ओल्ड नंबर वन' या नांवावर हक्क सांगणारी दुसरी मोटार जगांत नाहीं. जें विकावयास काढलें होतें तें नुसतें धातूचें नव्हतें; कीर्ति आणि इतिहासहि त्यांत होता. कंपनीला सौदा पुरा करावा, असा निकाल झाला.

या निकालानें बाजाराचें गुपित उघडें केलें असें म्हणावयास हरकत नाहीं. तेव्हांपासून मोटारीची परीक्षा म्हणजे मुख्यतः कागदांची परीक्षा झाली आहे. सांगाड्यावरचा क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक, ते एकमेकांशीं आणि कारखान्याच्या वहीशीं जुळतात कीं नाहीं, कोणी कोणत्या शर्यतींत ती चालविली, मधले मालक कोण, पहिला रंग कोणता. आपल्याकडे भीमथडीचें तट्टू घेतांना दांत पाहून वय ठरवीत आणि अंगावरचे भोवरे पाहून शुभाशुभ ठरवीत. एक भोवरा अस्थानीं असला तर धट्टेंकट्टें जनावर निम्म्या किंमतींत जाई. क्रमांक हे मोटारीचे भोवरे आहेत. फरक इतकाच कीं दांत खोटे करणें कठीण, क्रमांक ठोकणें सोपें. त्यामुळें एकाच क्रमांकाच्या दोन मोटारी दोन देशांत उभ्या असल्याचेहि प्रसंग आलेले आहेत.

मग मालकाला मिळतें तरी काय? ज्यांना केवळ नफ्याचीच आशा असते त्यांची गोष्ट सोडून देऊं. विमा, निगा आणि पडून राहिलेल्या पैशाचें व्याज धरलें तर पुष्कळांचा नफा कागदावरच राहतो. पण कांहीं दारें अशीं आहेत कीं तीं मोटारीशिवाय उघडत नाहींत. इटलींतील 'मिल्ये मील्या' ही हजार मैलांची शर्यत 1927 पासून 1957 पर्यंत झाली आणि अपघातांमुळें बंद पडली. 1977 पासून तिच्या स्मरणार्थ जी फेरी निघते तींत ज्या जातींच्या मोटारी त्या वेळीं धांवल्या त्यांनाच मुख्यतः प्रवेश मिळतो. ब्रेशियाच्या चौकांत आपली मोटार उभी करून तेल-धुराचा वास घेणारा साठीचा गृहस्थ पाहिला म्हणजे समजतें कीं, त्यानें पैसे मोजले ते आपल्या पंधराव्या वर्षासाठीं. आणि म्हणूनच या बाजारांत पिढी बदलली कीं आवड बदलते. पहिल्या महायुद्धापूर्वींच्या पितळी दिव्यांच्या मोटारींसाठीं जीव टाकणारे लोक आतां थोडे उरले आहेत.

मराठी माणसांचा या इतिहासांशीं संबंध अगदींच नाहीं असें नाहीं. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनीं 1935 सालची ड्यूसेनबर्ग मोटार लंडनच्या गर्नी नटिंग यांजकडून अंग चढवून घेतली होती. दोनच माणसांसाठीं एवढी लांबलचक मोटार क्वचितच कोणी बांधविली असेल. ती पुढें जन्मदेशीं, अमेरिकेंत, गेली. संस्थानें विलीन झाल्यावर ज्या मोटारी येथें राहिल्या त्यांतील कित्येकींनीं तबेल्यांत कोंबड्या सांभाळल्या.

इटलींत 2019 सालीं बोलोन्याच्या न्यायालयानें जीटीओचें रूप ही कलाकृति मानून तिच्या नकलांना आळा घातला. आपल्या केंद्र सरकारनें 2021 सालीं पन्नास वर्षांवरील मोटारींसाठीं 'व्हीए' अक्षरांची निराळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात. अशी मोटार प्रदर्शनाला न्यावी, फेरींत न्यावी, पेट्रोल भरावयास आणि दुरुस्तीस न्यावी. रोजच्या कामासाठीं मात्र ती रस्त्यावर आणूं नये, असा नियम आहे.